भीमाला भूक लागली

निजामी अंमलातली गोष्ट. रेणापूरच्या जत्रेतल्या नाटकात शेषेराव दरसाल भीम व्हायचा. छाती दाराएवढी, आवाज शिवारभर जाणारा. पण नाटकाच्या दिवशी सकाळपासून पोटात कालवाकालव. घास उतरायचा नाही, तळहात घामेजायचे आणि तांब्या घेऊन ओढ्याच्या चकरा सुरू.

शेवटी बायकोनं, तारामतीनं, त्याला लातूरच्या हकीमसाहेबांकडं नेलं. नाडी धरून ते हसले. "दिल मजबूत है. फिकीर बहुत करते तुम." फिकिरीवर उतारा म्हणून त्यांनी सरबताची बाटली दिली.

सरबत गुणाचं निघालं. त्या साली भीमानं सकाळीच दोन भाकरी खाल्ल्या, दुपारी घोरत पडला आणि दिवेलागणीला तोंड रंगवून मजेत उभा राहिला.

पडदा वर गेला. पुढं खुर्चीवर पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब, मागं सारं गाव. भीम प्रतिज्ञा बोलला, पण बाजारात ज्वारीचा भाव सांगावा तशी. लोक चुळबुळायला लागले.

दुर्योधन झालेला व्यंकट हळूच म्हणाला, "दादा, जागे हाव का?"

"हाव की. झकास वाटायलंय."

गदायुद्ध आलं तरी तेच. व्यंकटला राहवेना. मनचंच बोलला, "अरे भीमा, तुझ्यापरीस माझी म्हैस जोरात शेपूट हाणती!"

मांडव हसून लोटपोट झाला. अमीनसाहेबही हसले. शेषेराव मात्र बायकांच्या घोळक्याकडं बघत होता. तारामतीनं पदरात तोंड लपवलं होतं, आणि ती हसत नव्हती.

त्याच्या पोटात पुन्हा तीच कालवाकालव उठली. तळहात घामेजले, आणि बेंबीपासून अशी आरोळी फुटली की व्यंकट गदा टाकून विंगेत पळाला. मांडी फोडायची राहिली म्हणून दोघांनी त्याला ओढून परत आणलं. टाळ्या थांबेनात.

घरी जाताना शेषेराव म्हणाला, "आज लई भ्यालो मी, शेवटाला."

"बरं झालं," तारामती म्हणाली. "ज्याची कदर असती, त्याच्यापुढंच पोट हालतं. आपलं लगीन ठरलं तवा मी तीन दिवस जेवले न्हाई."

शेषेरावानं उपरण्यानं गालावरचा रंग पुसला. मग लाजत म्हणाला, "मी चार."