बपेऱ्याचा धान

मोठीमायच्या घरात धान साठवायच्या तीन ढोल्या होत्या. बांबूच्या कमट्यांनी विणलेल्या, पुरुषभर उंच, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेल्या. मी त्या घरात वाढले, पण त्या तिन्हींत फरक काय ते मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

मोठीमाय म्हणजे माझी मोठी काकू, कौशल्याबाई. मी दीड वर्षाची असताना माझी आई गेली. वडील तुमसरकडे मँगनीजच्या खाणीत कामाला होते; ते मला कोंढ्याला तिच्या ओटीत घालून परत गेले. ती तेव्हा नुकतीच विधवा झाली होती आणि तिचा टेकचंद सहा वर्षांचा होता. दोन मुलं, चार एकर धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाण्यातला वाटा एवढं तिनं एकटीनं सांभाळलं. तिला अक्षर येत नव्हतं. मी नागपूरला बी.एस्सी.ला असताना सुटीत घरी आले की ती विचारायची, "आता काय शिकवून राहिले तुले?"

एकदा मी सांगितलं, बीसुद्धा श्वास घेतं.

"हे शिकाले नागपूरले जा लागते?" ती म्हणाली. "म्हणून तं मी बी पत्र्याच्या डब्यात कोंबत नाई." मग थोड्या वेळानं, भाकरी थापता थापता, "बरं, कायनं घेते ते श्वास? नाक तं नाई त्याले." आणि माझं उत्तर तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

१९८२च्या फेब्रुवारीत तीन दिवसांच्या तापानं ती गेली. मी भंडाऱ्याला एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. पंधरा दिवसांची रजा काढून आले.

तेरवीच्या आधी घर शुद्ध करायचं म्हणून सगळं सारवायचं होतं. टेकचंददादाची बायको पुष्पावहिनी एकटी चुलीशी आणि पाहुण्यांशी झगडत होती, म्हणून ओसरी आणि ढोल्या मी सारवायला घेतल्या. ढोल्यांच्या पोटावर, धान काढायच्या तोंडाच्या वर, बोटानं दाबल्यासारखे खळगे होते. एकीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. मला वाटलं, जुन्या सारवणाचे पोपडे निघाले असतील. मी प्रत्येक खळग्यात ओली माती भरली, वरून तळहात फिरवला. माझं काम नेहमीच नीटनेटकं असतं. तिन्ही ढोल्या अंड्यासारख्या गुळगुळीत झाल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं तेरवीच्या जेवणासाठी धान काढलं. दोन ढोल्या भरलेल्या होत्या, एक अर्धीमुर्धी. उरलंसुरलं आधी संपवावं म्हणून तिनं अर्धी ढोली रिकामी केली आणि पोती गिरणीत पाठवली.

पंगत बसली. शेजारच्या कुंताकाकू मोठीमायच्या चाळीस वर्षांच्या सोबतीण. त्यांनी पहिला घास तोंडात घातला, हळूहळू चावला, आणि भाताकडे पाहत राहिल्या.

"पुष्पा, हा भात कोणता आहे वो?"

"घरचाच आहे काकू. ढोलीतला."

"कोणत्या ढोलीतला? तीन बोटं नाई दिसली तुले?"

वहिनी गोंधळली. "सारवण झालं होतं नं, काकू."

कुंताकाकूंनी हात पत्रावळीबाहेर घेतला. "हा बोडीखालचा धान आहे. बपेऱ्याचा. तीन बोटाच्या ढोलीतलं बी होतं ते."

पंगतीत वाढणारे हात थांबले. आमच्याकडे माणूस उपास काढतो, पण बियाण्याला हात लावत नाही.

"सासूचं बी सासूच्याच तेरवीले वाढलं," कुंताकाकू म्हणाल्या. "असी सून पाहाले भेटली बापा."

ढोल्या सारवणारी मी होते. मी चार हातांच्या अंतरावर भाजीचं भांडं घेऊन उभी होते. वहिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाढायला लागली. माझं नाव तिनं घेतलं नाही. मीही बोलले नाही.

कुंताकाकूंचं ते वाक्य आठ दिवसांत गावभर झालं. विहिरीवर, किराणा दुकानात. नुसती लाज असती तर कदाचित विरली असती. पण बोडीखालची बांधी ही आमची सगळ्यात खोल बांधी. तिथं भादव्यात मांडीभर पाणी उभं राहतं. सरकारी बियाण्याचा ठेंगणा धान दादानं दोनदा लावून पाहिला होता. दोन्ही वेळा बुडून कुजला. तिथं उभा राहायचा तो फक्त मोठीमायचा उंच, तांबूस कुसळांचा धान. त्याला दुसरं नाव नव्हतं. तिचं माहेर बपेरा, म्हणून तो बपेऱ्याचा.

दादा वहिनीला रागानं काही बोलला नाही. तो फक्त तिच्याशी शेतीचं बोलेनासा झाला. आधी आईला विचारायचा, आता कोणालाच विचारत नव्हता. उन्हाळ्याच्या सुटीत मी आले तेव्हा वहिनी म्हणाली, "बाई, हे ते बांधी विकाचं म्हणून राहिले. मी या घरात आली अन् पहिल्याच वर्षी बांधी गेली, असं होईन." ती घरात येऊन नऊ वर्षं झाली होती. पण मोठीमायनंतरचं ते पहिलंच वर्ष होतं, आणि तिचा हिशेब तिथून सुरू होत होता.

मी म्हटलं, "आपण बपेऱ्याला जाऊ."

बपेरा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्यप्रदेशच्या सीमेजवळ. कोंढ्याहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तिथून पुढची एसटी. मे महिन्यातल्या त्या प्रवासात वहिनी खिडकीशी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तुमसर गेल्यावर ती म्हणाली, "सासूबाई हा रस्ता दर तीन वर्षांनी करत. एकट्या. मले कधी न्या म्हटलं नाई मी."

मोठीमायचे भाऊ वारले होते. भावजय गोदावरीबाई होत्या. आम्ही त्यांना मामी म्हणायचो. त्यांनी पाणी दिलं, पाय धुवायला लावले, आणि मगच कशाला आलात विचारलं. वहिनीनं खाली मान घालून सांगितलं, "बी शिजलं, मामी. तेरवीत."

मामींच्या तोंडाचे कोपरे हलले. "म्हणजे जाता जाता दोनशे माणसाले जेवू घातलं म्हना तिनं."

वहिनी त्यांच्याकडे पाहतच राहिली.

त्यांचा मुलगा तुलाराम बाजूला बसला होता. तो म्हणाला, "पर वहिनी, आता इथंही तो धान कोनी लावत नाई. मीच सहा वर्षं झाले बंद केला. चार महिन्याचा धान असताना सहा महिने कोन थांबते?"

वहिनीचा चेहरा उतरला. मामींनी मुलाला हातानं गप्प केलं.

"ती बारा वर्साची होती लग्नात," मामी सांगू लागल्या. "ओटीत तिनं मूठभर धान लपवून नेलं. कोनाले सांगतलं नाई. सासरा म्हने, आमच्या शेतात माहेरचं बी नाई पडाचं. मंग तिनं ते बोडीखाली टाकलं, जिथं नुसता लव्हाळा होत होता. त्या साली पूर आला. समद्यायचा धान गेला, एक तिचाच उभा. सासऱ्यानं तिले काई म्हटलं नाई. पुढच्या साली नांगर घेऊन स्वतः गेला तिथं."

हे मोठीमायनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

"अन् दर तीन वर्साले यायची. इथलं बी न्यायची, तिथलं इथं द्यायची. म्हने, एकाच पान्यात राह्यलं तं बी आळशी होते. यानं पेरनं बंद केलं तरी यायची. मी म्हने, नणंदबाई, आता द्यायाले काई नाई माझ्याजवळ. ती म्हने, मी घेऊन आली ते ठेवून घ्या. फेकू नका."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? नणंदेनं देल्लं, फेकता येते?"

त्या उठल्या. चुलीच्या वर, आढ्याला, धुरानं काळं पडलेलं गवताचं गाठोडं टांगलेलं होतं. तुलारामनं शिडी लावून ते काढलं. आत दोन पायली धान होतं, तांबूस कुसळांचं. १९७९ साली दिलेलं.

वहिनीनं दोन्ही हातांनी ते धरलं. मी मात्र मनात वर्षं मोजत होते. तीन पावसाळे. धानाचं बी इतकं टिकतंच असं नाही. मी तिथं काही म्हटलं नाही, एसटीत सांगितलं. वहिनी म्हणाली, "मंग पाहू आपण. तुमाले येते नं पाहाता?"

घरी येऊन मी शंभर दाणे मोजले. दहा-दहाच्या दहा ओळी ओल्या फडक्यावर मांडल्या, फडकं गुंडाळून पितळी ताटात ठेवलं. उन्हाळ्याची हवा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होतो. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी चार दाण्यांना पांढरं टोक फुटलं. चौथ्या दिवशी तेरा. दादा येता-जाता ताटाकडे पाहायचा, विचारत नव्हता. सातव्या दिवशी सत्तावीस झाले आणि तिथंच थांबले. मी आणखी दोन दिवस वाट पाहिली. सत्तावीसच.

"म्हणजे चारातला एक," मी म्हणाले. मला वाईट वाटत होतं, आणि आवाजात ते आलं असावं.

वहिनी बोटांवर काही मोजत होती. "मंग चौपट दाट टाकू. दोन पायल्या पेरल्या तं अर्ध्या पायलीचे पऱ्हे होईन. बांधीचा एक कोपरा तं होते नं?"

पऱ्हे, म्हणजे रोपं, किती लागतील हे मी कागदावर मांडलं. तिचं उत्तर बरोबर होतं.

जूनमध्ये जमीन तयार झाली, आणि पऱ्हे टाकायच्या दिवशी मी शाळेतून दोन दिवसांची सुटी घेऊन आले. कुंताकाकू बांधावर येऊन बसल्या होत्या. वहिनीच्या हातात भिजवलेल्या बियाची टोपली होती. वाफ्याशी आणखी चार बायका होत्या. मी ठरवून आले होते.

"काकू, ढोल्या वहिनीनं नव्हत्या सारवल्या. मी सारवल्या होत्या. बोटं मीच बुजवली."

कुंताकाकूंनी तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली.

"मले ठाऊक होतं. पुष्पाच्या सारवणात चार रेघा राहातेत. त्या ढोल्यांत तोंड दिसत होतं."

"मग त्या दिवशी वहिनीला का बोललात?"

"बोलाले नोको होतं. तोंडातून गेलं." त्यांनी वहिनीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "अन् मंग तू कवा बोलते ते पाहून राहिली. चार महिने लावले तू. एवढी शिकली, अन् चार महिने."

वहिनी हसली. तेरवीनंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते. "जाऊ द्या काकू. बाईनं दाणे मोजले नसते तं मी पातळ टाकून बसली असती." मी टोपलीला हात लावायला गेले तर तिनं टोपली कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली. "तुमी तिकडं उभ्या राहा, बाई. चिखलात पडान."

ती मुठीनं दाट, सारखं बी टाकत गेली. मोठीमायही असंच मनगट न उचलता टाकायची.

रोवण्याच्या वेळी मला सुटी मिळाली नाही. मी रविवारी गेले तेव्हा बोडीखालच्या बांधीत पूर्वेकडच्या कोपऱ्यात रोपं लावून झाली होती, जेमतेम चौथा हिस्सा. बाकी बांधीत नुसतं पाणी उभं होतं. दादा बैल जुंपून धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, थांबला होता.

"उरलेल्यात काय टाकू?" त्यानं विचारलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. वहिनीला विचारत होता.

"काईच नाई."

"एवढी रिकामी ठेवतेस?"

"दुसरं टाकलं तं कापणीत मिसळन. याचं बी याचंच राहाले पायजे." तिनं गुडघ्यापर्यंत चिखल लागलेलं लुगडं पिळलं. "पुढच्या साली अर्धी भरन. त्याच्या पुढच्या साली पुरी."

दादानं क्षणभर पाण्याकडे पाहिलं. मग त्यानं बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं.