कोरमसाठी चटणी

काल्हेरच्या त्या नव्या इमारतीत सोसायटी स्थापन झाली, चेअरमन निवडले गेले, रबरी शिक्काही बनून आला, पण मीटिंग काही होईना.

चेअरमन होते केसरीनाथ. मूळचे अंजूरचे. शेतात गोदामं उभी राहिली तसे ते इथे दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. बांध सुटला, पण बांधावरचा आवाज सुटला नाही. त्यांनी खाली गेटवर कुणाला हाक मारली तरी गच्चीवरची कबुतरं उडायची. असा हा भारदस्त माणूस दर महिन्याला गच्चीवर सतरंजी अंथरून बसायचा आणि समोर सेक्रेटरी लहानू सोडून चिटपाखरू नसायचं. कोणाची गोदामात शिफ्ट, कोणाची लूमवर ड्युटी, कोणाची टीव्हीवरची मालिका. पाण्याची टाकी गळत होती. पण कोरम नाही म्हणून ठराव नाही, आणि ठराव नाही म्हणून टाकी आपली गळतेच आहे.

शेवटी लहानू म्हणाला, "चेअरमनसाहेब, माणसं कायद्याने येत नाहीत. खायला ठेवा, धावत येतील."

केसरीनाथांना ते पटलं. त्याच संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बायका बसल्या होत्या, त्यांत त्यांची बायको जानकीबाईही होत्या. केसरीनाथांनी तिथेच दवंडी पिटली, "रविवारी मीटिंगला भेळ! आणि चटणी गाडीवरची न्हाय, घरची!"

तळमजल्यावरची कमळ म्हणाली, "अहो, एवढ्या माणसांची चटणी? वहिनींना केवढा त्रास."

"त्रास कसला?" केसरीनाथ हसले. "चिंच टाकायची, गूळ टाकायचा, उकळायचं. त्यात काय मोठं? तुमी बायका उगाच दिवसभर कामात असल्याचं नाटक करता."

जानकीबाई काहीच बोलल्या नाहीत. आणि जानकीबाई गप्प बसल्या, की त्या दिवशी घरात काही शिजत नसे, हा केसरीनाथांचा जुना अनुभव होता. पण चेअरमनकीच्या भरात तो त्यांना आठवला नाही.

रविवारी जेवणं झाली. केसरीनाथ म्हणाले, "चटणीचं बघतेस ना?"

जानकीबाई सोफ्यावर मांडी घालून वाटाणे सोलत होत्या. "मी कशाला? चिंच टाकायची, गूळ टाकायचा. तुमीच करा."

"करतो की!" असं म्हणून केसरीनाथांनी बाह्या सरसावल्या. फळीवरची मोठी बरणी त्यांनी खाली काढली. आत चिंचेचे काळे गोळे होते.

"अहो, त्या बरणीतली चिंच—" जानकीबाईंनी तोंड उघडलं.

"मना शिकवू नको," केसरीनाथ म्हणाले.

"न्हाय शिकवत," जानकीबाई म्हणाल्या आणि वाटाण्याची पुढची शेंग फोडली.

केसरीनाथांनी अख्खी बरणी पातेल्यात उलटी केली, वर गरम पाणी ओतलं, जरा वेळ वाट पाहिली आणि सगळं मिक्सरमध्ये घातलं. चिंचेला चिंचोके असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी त्यांनी ते पोतंभर खेळायला वापरले होते. पण मिक्सर ही एवढी मोठी मशीन, ती स्वतःच काय ते बघून घेईल असा त्यांचा समज. बटण दाबलं आणि खडीचा ट्रक रिकामा होतोय असा आवाज झाला. मग जळका वास आला. मग मिक्सर थांबला तो थांबलाच.

"लाइट गेली वाटतं," केसरीनाथ मोठ्याने म्हणाले.

बाहेरच्या खोलीतला पंखा गरगर फिरत होता. जानकीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या पुन्हा वाटाण्याकडे वळल्या.

आता तो काला गाळणं आलं. चहाच्या गाळणीतून थेंब थेंब पडू लागला. या हिशोबाने भेळ दिवाळीत झाली असती. तेवढ्यात केसरीनाथांना भिवंडीच्या एका लूमवाल्या दोस्ताने दिलेलं कोरं कापड आठवलं. पांढरंशुभ्र, हातही न लागलेलं. स्वतःच्या अकलेवर खूश होत त्यांनी ते कापड टोपावर ताणलं, काला ओतला आणि धोतर पिळावं तसं पिळलं. रस भरभर खाली आला. मग गूळ घालून त्यांनी गॅस मोठा केला.

उकळी आली तशी त्यांनी चमच्याने चव घेतली आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. खाडीचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. ती बरणी होती कालवणात घालायच्या चिंचेची. वर्षभर टिकावी म्हणून जानकीबाईंनी मूठमूठ मीठ लावून ते गोळे वळले होते.

केसरीनाथांनी गूळ वाढवला. मग चटणी खारट आणि गोड लागू लागली. आंबटपणा यावा म्हणून घरात होती नव्हती ती लिंबं पिळली. आंबट जास्त झालं म्हणून पाणी. पातळ झालं म्हणून पुन्हा गूळ. छोटा टोप भरला, तो मोठ्यात ओतला. मोठा भरला, तेव्हा मटणाचा टोप खाली काढला. आणि उकळता उकळता चटणी दाट होऊ लागली, पण भलतीच दाट. चमचा वर उचलला की तिची तार सुटायची आणि पुन्हा टोपात चिकटायची.

नेमकं तेव्हा लहानू आणि त्याची बायको शैला कुरमुरे घेऊन आले. शैला सरकारी दवाखान्यात नर्स होती. लहानूने चमचाभर चटणी तोंडात घातली. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं थांबलं. मग तो कष्टाने म्हणाला, "एक नंबर, साहेब."

शैलाने चाखली. "केसरीभाऊ," ती म्हणाली, "ही बीपीवाल्यांना दिलीत, तर मीटिंग माझ्या वॉर्डात घ्यावी लागेल."

मग तिची नजर सिंकमधल्या कापडाकडे गेली. तिने ते बोटांत चोळून पाहिलं. "हे न धुता घेतलंत? अहो, मागावर धागा तुटू नये म्हणून खळ लावतात त्याला. ती उतरलीय सगळी तुमच्या चटणीत. ही खायची नाही कोणी."

केसरीनाथ टोपाकडे बघत राहिले. जिन्यात चपलांचे आवाज येऊ लागले होते. माणसं गच्चीवर चालली होती. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळी. जन्मात पहिल्यांदा कोरम पायाने चालत येत होता आणि चेअरमनच्या हातात खळ होती.

"पितळेची भांडी घासायला तरी ठेवू का ही?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"भांड्यांना मुंग्या लागतील," बाहेरून जानकीबाई म्हणाल्या.

केसरीनाथ बाहेरच्या खोलीत आले. लहानू-शैला बघताहेत हे त्यांना दिसत होतं. तरी ते सोफ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जानकी, चुकलं. सांग आता काय करू."

जानकीबाईंनी वाटाण्याचं ताट बाजूला ठेवलं. "सांगते. पण हात तुमचेच."

शैला खालच्या मजल्यावरून आपल्या घरची बिनमिठाची चिंच आणि बिया काढलेला खजूर घेऊन आली. लहानूला केसरीनाथांनी गच्चीवर पिटाळलं, "जा, मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाच. वेळ काढ."

"साहेब, मागची मीटिंग झालीच नाही."

"मग तेच वाच!"

जानकीबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. "चिंच नि खजूर एकत्र शिजवा. गॅस बारीक. बारीक म्हनजे बारीक. आता हातानं कोळा. चिंचोका बोटाला लागला की बाजूला. पुरणाच्या चाळणीवर घासा. आता गूळ. सगळा न्हाय! आधी थोडा. जिरं भाजा, जाळू नका. तिखट, सुंठ, पादेलोण चिमूटभर." केसरीनाथांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, चष्म्यावर वाफ बसली होती आणि मिशीला गूळ लागला होता. पण हळूहळू टोपातून असा वास सुटला की जिन्यातून जाणारी माणसं पायरीवर थबकू लागली.

गच्चीवर मीटिंग अशी झाली की विचारू नका. केसरीनाथांनी कधी न पाहिलेली माणसंही आपण इथलीच आहोत असं शपथेवर सांगत होती. टाकीचा ठराव मांडला तेव्हा सगळे हात वर गेले. ते ठरावासाठी होते की आणखी चटणीसाठी, हे लहानूला कळेना. त्याने सगळेच मोजले.

कमळ बोटं चाटत म्हणाली, "जानकीवहिनी, चटणी झक्कास जमलीय हो!"

"मी हातसुद्धा न्हाय लावला," जानकीबाई म्हणाल्या. "त्यांनी केली."

सगळ्या माना वळल्या. केसरीनाथांनी मिशीवरून हात फिरवला, तो तिथेच चिकटला. "हात माझे होते," ते घसा खाकरून म्हणाले. "अक्कल हिची होती. आणि गेटवर मी जे बोललो, ते मागे घेतो. लहानू, लिहून घे."

"ठरावात, साहेब?"

"ठरावात."

बायकांचे हात आधी वर गेले. मग पुरुषांनी इकडेतिकडे बघून आपापले उचलले.

माणसं पांगली. केसरीनाथांनी सतरंजी झटकली आणि दोघं तिच्यावर टेकली. टोपाच्या बुडाशी राहिलेली चटणी कुरमुऱ्यांत कालवून त्यांनी जानकीबाईंपुढे धरली.

"खारट व्हतेय हे तुला ठावं व्हतं," ते म्हणाले. "बघत बसलीस."

"लग्नानंतर तुमचे दोस्त घरी आले, तेवा पहिल्यांदा भेळ केली मी," जानकीबाई म्हणाल्या. "मीबी खारवलेलीच चिंच घातली व्हती. नवी व्हते, कोनाला इचारू? दोस्तांनी तोंडं वाकडी केली. तुमी दोन वाट्या खाल्लीत, वर चांगली झालीय म्हनालात. मना वाटलं, किती सांभाळून घेतात."

केसरीनाथांनी एक घास घेतला. खोटं बोलायला ही चांगली संधी होती.

"जानकी," ते म्हणाले, "मना वाटलं, चटणी तशीच असते."

जानकीबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि केसरीनाथ पाणी आणायला दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावले.