दोन कळपांचं ओझं

मी एक म्हातारी घोडी आहे, मित्रांनो. एके काळी तांबडीलाल होते, आता तोंडाशी पांढरी पडले आहे. येडगावच्या धरणालगतच्या माळावर एका बाभळीखाली उभी असते. सहसा बसत नाही. एकदा बसले तर पुन्हा उठवेल याची खात्री उरलेली नाही.

बेल्ह्याच्या बाजारातून दादाभाऊंनी मला आणलं, तेव्हा मी अजून शिंगरूच होते. दादाभाऊ मेंढपाळ, आणि हिराबाई त्यांची बायको. चरायला बाहेर पडायची वेळ झाली की त्यांचं बिऱ्हाड माझ्या पाठीवर चढायचं. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, आणि वर चालता न येणारी कोकरं. लोक म्हणायचे, "घोडी लई गुणाची हाय राव!" ते ऐकून माझी मान ताठ व्हायची. कौतुकावर जनावर बरंच चालतं, मित्रांनो.

हिराबाई एकदा मरता मरता वाचली होती. कळंबला तिची बहीण राहायची. तिच्या प्रार्थनेच्या मंडळीने त्या दुखण्यात हिराबाईची फार सेवा केली, आणि तेव्हापासून नवरा-बायको दोघेही येशूच्या मागे चालू लागले. दादाभाऊ रोज दिवेलागणीला माझ्याशेजारी उभे राहून डोळे मिटायचे. "प्रभू, माझा समदा भरवसा तुझ्यावर हाय," असं म्हणायचे. हे वाक्य मला पाठ झालं होतं.

दादाभाऊंना सावळेराम नावाचा थोरला भाऊ. दोघांचे कळप पूर्वी एकत्र हिंडायचे. मेंढरांभोवती रात्री जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. एकदा सावळेरामने ती सैल बांधली. बिबट्या आत शिरला, आणि गेली ती सगळी दादाभाऊंची कोकरं. चूक कबूल करायची सोडून सावळेराम उलट भांडला. त्या दिवसापासून भाऊ भावाकडे पाठ फिरवून चालू लागला.

पुढे एक उन्हाळा फार कठीण आला. माळ करपून गेला. त्यातच सावळेराम कालव्याच्या कडेवरून घसरला आणि त्याची मांडी मोडली. त्याला मंचरला दवाखान्यात ठेवलं. त्याची बायको सरुबाई एकटी पडली. नवऱ्याचं बघू की मेंढरांचं, अशी तिची गत झाली. वाघरीत कोंडलेल्या उपाशी मेंढरांचं ओरडणं आमच्या पालापर्यंत ऐकू यायचं.

त्या संध्याकाळी दादाभाऊंनी नेहमीसारखे डोळे मिटले. "प्रभू, माझा समदा भरवसा..."

"अवं, थांबा जरा," हिराबाई म्हणाली. "ती मेंढरं वरडत्यात, ऐकू येतंय नव्हं?"

"येतंय की."

"मग भावाला माफ करा, त्याचं वझं उचला, असं प्रभूनं सांगितलंय, ते बी ठावं हाय तुमाला."

दादाभाऊ भडकले. "आपल्याच मेंढरांना पाला न्हाई! त्याची घेतली तर दोन्ही कळप मरतील."

"म्हंजी त्यो सांगतोय तसं केलं, तर त्यो आपल्याला बुडवल, असं वाटतंय तुमाला."

"तसं न्हाई..."

"तसंच हाय. भरवसा आसता तर पाय उचलला आसता. ही तर भीती हाय, अन् तिला तुमी भरवसा म्हंता."

त्या दिवशी प्रार्थना अर्धीच राहिली.

सकाळी त्यांनी माझा दोर सोडला आणि मला घेऊन भावाच्या पालाकडे निघाले. सरुबाई दारातच बसली होती. दादाभाऊ तिच्याकडे न बघताच म्हणाले, "वहिनी, वाघर सोडा. मेंढरं नेतो." सरुबाईने तोंडाला पदर लावला. दादाभाऊंचा चेहरा मात्र प्रेमाने उजळला वगैरे नव्हता. कडू औषध गिळावं तसं त्यांनी ते काम केलं. मी जवळून पाहिलं आहे, म्हणून सांगते.

मग सुरू झाली पायपीट. दोन्ही कळपांची अशक्त कोकरं माझ्याच पाठीवर. खोगिराखाली कातडं घासून जखम झाली, पण माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. आळ्याच्या शिवारात एकाने हाकललं, पुढे दुसऱ्याने. "एवढी मेंढरं? नाय बाबा, रान खाऊन टाकतील." वाटेत मेंढ्या पडू लागल्या, आमच्याही आणि भावाच्याही. एका मेलेल्या मेंढीपाशी दादाभाऊ मटकन खाली बसले आणि वर बघून म्हणाले, "ऐकलं ना तुझं? आता?"

वरून उत्तर आलं नाही. मी कान टवकारून उभी होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते उठले. तोंड धुतलं, काठी घेतली आणि दोन्ही कळप पुढे घातले. भरवशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र वाटलं, भरवसा त्यांच्यात आला तो त्या सकाळी. उत्तर नाही, चारा नाही, तरी सांगितलेलं काम टाकून माणूस माघारी फिरला नाही.

कळंबच्या अलीकडे कांदा काढलेलं मोठं रान लागलं. मालकाने आम्हाला थांबवलं. दादाभाऊंनी मान खाली घातली, पुन्हा हाकलणार म्हणून. तो म्हणाला, "पावणं, रान मोठं हाय. लेंडीखतासाठी रातची मेंढरं बसवायची हायेत, पण लहान कळपानं भागत न्हाई. तुमची बसवता का? पडलेली पात खातील." ज्या गर्दीची धास्ती घेतली होती, तिच्यामुळेच आम्हाला रान मिळालं. सगळी मेंढरं वाचली असं नाही. पण पुष्कळ वाचली.

सावळेराम कुबडी घेऊन परत आला, तेव्हा दोन्ही कळप वाघरीत एकत्रच होते. त्याने एक-एक मेंढरू मोजलं.

"तुझी बी मेली का रं?"

"मेली."

"माझी मागं टाकली आसती, तर तुझी जगली आसती."

"आसती," दादाभाऊ म्हणाले. "टाकता आली न्हाईत."

सावळेरामने माफी मागितली नाही. तो लंगडत माझ्याजवळ आला. खोगीर उचललं आणि ओरडला, "आरं, हिच्या पाठीकडं कुणी बघितलं का न्हाई?" त्याने सरुबाईकडून तेल-हळद मागवली. एका पायावर भार देत माझी जखम धुतली. दादाभाऊ येऊन शेजारी उभे राहिले आणि त्यांनी भावाची कुबडी धरली. मला चुरचुरत होतं, पण मी हलले नाही.

आता माझ्याने ओझं होत नाही. बिऱ्हाड टेम्पोतून जातं. कधी कधी दिवसभर कुणी माझ्याकडे फिरकतही नाही. तक्रार नाही, नुसता थकवा आहे.

एवढंच मागते, मित्रांनो. देवावर भरवसा आहे असं म्हणाल, तेव्हा त्याने सांगितलेल्या कामाला उठा. मन तयार होईपर्यंत थांबू नका, ते चालता चालता तयार होतं. आणि तुमच्या त्या चांगल्या कामाचं ओझं ज्या मुक्या पाठीवर पडेल, ती पाठ संध्याकाळी एकदा हाताने चाचपून बघा.