चौदा दिवसांचे पाहुणे

ऑर्लिन स्ट्रीट ही फिलाडेल्फियाच्या उत्तर भागातली एवढीशी गल्ली. समोरासमोर एकवीस-एकवीस घरं, भिंतीला भिंत लागलेली, आणि मधून एक सीमा जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या जनगणनेत गल्लीची माणसं कमी भरली, मतदारसंघ नव्यानं आखले गेले, आणि कुणा शहाण्यानं रेघ ओढली ती नेमकी रस्त्याच्या मधोमध. तेव्हापासून विषम नंबरांची घरं शहराच्या मतदारसंघात, आणि सम नंबरांची घरं वीस मैलांवरच्या हिरवळीच्या, दारात दोन-दोन गाड्या असणाऱ्या लोकांच्या मतदारसंघात. विलडीन प्रिंगल विषम बाजूला राहायची आणि लुव्हीनिया बोयकिन बरोबर समोर. चाळीस वर्षांची मैत्री, पण दोघींचे खासदार वेगळे.

"काय गं, तुझा खासदार आला होता का चहाला?" विलडीन आपल्या पायरीवरून ओरडायची.

"त्याच्या घोड्यांना खरारा करून झाला की येणारे," लुव्हीनिया पलीकडून म्हणायची. "आणि तुझा?"

"माझा येतो की. चार वर्षांतून एकदा, अंत्ययात्रेला."

हसायच्या दोघी. पण विलडीनला ते मनातून डाचायचं. तिनं तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती आणि पंगतीतलं एकही पोर उपाशी सुटलेलं तिला खपत नसे. आता त्रेसष्टाव्या वर्षी ती गल्लीची ब्लॉक कॅप्टन होती. शेजाऱ्यांनी सह्या करून निवडून द्यायचं, महापालिकेनं खराटे आणि कचऱ्याच्या पिशव्या द्यायच्या, आणि सगळ्यांची बोलणी हिनं खायची, असं ते पद. उन्हाळ्याच्या सुट्टीत रस्ता गाड्यांना बंद करून पोरांना सरकारी जेवणाचे डबे वाटायचं कामही कॅप्टनचंच.

त्या वर्षी तिनं जनगणनेचं कामही अंगावर घेतलं. वसंतात चर्चच्या तळघरात खासदाराच्या कचेरीनं सभा ठेवली होती. एका तरतरीत मुलीनं मतदारसंघाचं वर्णन एका पानावरून वाचून दाखवलं. निम्म्याहून जास्त काळे, पाचांतला एक पोर्तो रिकन, चौघांतला एक गरिबीत, दहांतली नऊ मतं एकाच पक्षाला. साडेसहा लाख माणसं एका पानात बसली होती. विलडीननं हात वर केला.

"यात आमची गल्ली कुठाय, बाळा?"

मुलीनं नकाशात बघितलं आणि ओशाळून म्हणाली, "अर्धी आहे, मिस विलडीन."

"मग उरलेली अर्धी आणायला काय करायचं?"

"मोजून घ्यायचं. सगळ्यांनी. राज्याची खासदारकीची एक जागा या वेळी जाणार म्हणतात, म्हणजे रेघा पुन्हा हलणार. माणसं भरली तर आम्हाला भांडता येईल."

बस्स. विलडीन दुसऱ्याच दिवशी अर्ज करून आली. हात वर करून शपथ घेतली की दारात ऐकलेला शब्द बाहेर काढणार नाही. काढला तर तुरुंग. काळी पिशवी खांद्याला लावून ती निघाली. ज्यांनी पोस्टानं आलेले अर्ज भरून पाठवले नव्हते त्यांची दारं ठोठावायची होती. ऑर्लिन स्ट्रीटवर अशी एकतीस होती. बेचाळिसांतली एकतीस! कॅप्टनच्या स्वतःच्या गल्लीत!

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. निम्मी घरं सरकारी मदतीच्या भाड्याची, घरांच्या सरकारी कचेरीकडून मिळालेली. करारात ज्यांची नावं, तेवढ्यांनीच राहायचं. पाहुणा चालतो, पण चौदा दिवस. आता नोकरी गेलेला भाऊ, नवऱ्यानं टाकलेली लेक, म्हातारी आत्या, ही माणसं चौदा दिवसांत कुठं मार्गाला लागतात? गल्लीत चौदा दिवसांचे पाहुणे वर्षवर्ष राहत होते आणि सरकारनं विचारलं की सगळ्या घरांतून एकच उत्तर यायचं, "मी एकटीच."

लुव्हीनियाकडे तिची लेक शरीस चौदा महिन्यांपासून होती, कसीम, नायला आणि इमानी या तीन पोरांना घेऊन. करारात फक्त लुव्हीनिया. सोमवारी विलडीन पिशवी घेऊन रस्ता ओलांडून गेली.

"बाईसाहेब, या घरात एक एप्रिलला, म्हणजे मोजणीच्या ठरलेल्या दिवशी, किती माणसं राहत होती?"

"बाईसाहेब कुणाला म्हणतेस? एक लिही आणि आत ये, मासे तळलेत."

"लुव्ही, पाच आहेत."

"तुला दिसतात पाच. सरकारला दिसायला नकोत."

"हे सरकार वेगळं. हा कागद घरांच्या कचेरीला दिसत नाही, पोलिसाला दिसत नाही. मी शपथ घेतलीय. मोजलेच गेलो नाही तर आपण या शहरात आहोत तरी कशावरून?"

लुव्हीनियानं कढई खाली उतरवली. "विलडीन, माझं घर गेलं तर मी सहासष्टाव्या वर्षी कुठं जाऊ? तुझ्या रेघेवर जाऊन बसू?"

"मी असताना तुझ्या घराला काही होणार नाही."

असं बोलू नये माणसानं. पण चाळीस वर्षांच्या मैत्रीत तोंडाला कुलूप नसतं.

"शुक्रवारी ये," लुव्हीनिया म्हणाली. "विचार करते."

मंगळवारी दुपारी बारा वाजता रस्त्यावर टेबल मांडलं होतं. चीजचं सँडविच, सफरचंद, दूध. डबा देताना प्रत्येक पोराचं नाव, वय आणि घराचा नंबर यादीत लिहायचा, हा नियम. यादी आणि पोरं जुळतात की नाही बघायला माणसं येऊन जात. विलडीनची यादी म्हणजे तिचा अभिमान. शाळेतल्या तीस वर्षांतही एक पोर इकडचं तिकडे झालं नव्हतं. गळ्यात ओळखपत्र, कानामागे पेन्सिल खोचलेला एक टकला माणूस टेबलापाशी थांबला.

"बरीच पोरं आहेत हो तुमच्याकडे."

"सदतीस," विलडीन म्हणाली. "हवं तर जुळवून घ्या." आणि यादीची फळी तिनंच त्याच्या हातात दिली.

त्यानं सावकाश पानं उलटली, तोंडातली पेपरमिंट या गालातून त्या गालात घेतली. "फार नीट ठेवलीय हो तुम्ही. नंबरांसकट."

"मग काय तर!" ती म्हणाली आणि त्याला एक सफरचंदसुद्धा दिलं.

शुक्रवारी ती दार ठोठावायला जायच्या आतच लुव्हीनिया रस्त्याच्या मधोमध उभी होती, हातात पत्र घेऊन. अंगावर घरातला झगा, पायात एकच सपात.

"बाहेर ये, कॅप्टन! या सगळे, बघा! तीस दिवस दिलेत मला. पोरं बाहेर काढ, नाहीतर तूही नीघ. कुणाला ठाऊक होतं? सांग ना! सोमवारी कोण आलं होतं पिशवी घेऊन?"

"लुव्ही, मी एक अक्षर लिहिलं नाही. देवाशप्पथ."

"तुझी शपथ! हात वर करून घेतलेली ना? काल तो टकल्या माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून पेपरमिंट चघळत मला विचारतोय, नायला सहा वर्षांची ना, म्हणून! वय ठाऊक होतं त्याला! कानामागची पेन्सिल काढून खूण केली त्यानं!"

विलडीनला मंगळवारचा टकला आठवला. जनगणनेचा कागद तिनं छातीशी धरून जपला होता, आणि ज्या यादीला ना शपथ ना कुलूप, ती स्वतःच्या हातानं त्याच्या पुढ्यात ठेवली होती. लुव्हीनियाच्या घराचा नंबर, २४१८, २४१८, २४१८. तिच्याच वळणदार अक्षरात, रोजच्या रोज. तो डबे तपासायला आलेलाच नव्हता. तो घरांच्या कचेरीचा माणूस होता.

लुव्हीनियाला विलडीनचं गप्प राहणं म्हणजे कबुलीच वाटली. ती वळली आणि ती एक सपातही तिथंच टाकून घरात गेली.

त्या दिवसापासून गल्लीची दारं मिटली. विलडीननं बेल वाजवली की आतला टीव्ही बंद व्हायचा. चर्चचा कारभार बघणारी डीकनबाई, जिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी हिनं महिनाभर सूप पोचवलं होतं, ती खिडकीतून म्हणाली, "मी एकटीच राहते, मिस प्रिंगल." मिस प्रिंगल! तिच्या मागून दोन पुरुषांचं खोकणं ऐकू येत होतं.

तिच्या वरचा अधिकारी फोनवर म्हणाला, "बुधवारपर्यंत गल्ली झाली नाही तर अंदाजानं भरावी लागेल. घरटी एक, दोन."

फोन ठेवून विलडीन स्वयंपाकघरात बसून राहिली. तिला सगळं स्पष्ट दिसत होतं, हेच वाईट होतं. गल्लीचा राग जनगणनेवर होता, आणि जनगणनेचा काडीचा दोष नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर तिच्याच खुर्चीत बसला होता. यादीची गोष्ट तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. गप्प राहिली असती तर लुव्हीनिया कधीतरी निवळली असती; सरकारनं दगा दिला, विलडीन काय करणार बिचारी, असं म्हणाली असती. लोकांना सरकारनं फसवण्याची सवय असते, ते माफ होतं. पण मग दारं काही उघडली नसती. एकतीस घरं घरटी एक, दोन म्हणून गेली असती, रेघ आणखी दहा वर्षं तिथंच राहिली असती. आणि सांगितलं तर? सांगितलं तर दारं उघडतील, आणि समोरचं एक दार कायमचं बंद होईल. तिला लुव्हीनिया हवी होती. मतदारसंघापेक्षा हजारपट हवी होती. हे तिनं स्वतःशी कबूल केलं आणि रडली, मोठ्यानं, भांडी वाजवत, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

सोमवारी बारा वाजता टेबलापाशी पोरं जमली, आया पायऱ्यांवर बसल्या. शरीस नव्हती. तिच्या तीन पोरांचे डबे तसेच राहिले. विलडीननं यादीची फळी वर धरली.

"ऐका. जनगणनेनं लुव्हीनियाचं नाव सांगितलं नाही. मी सांगितलं. या यादीत. घरांच्या कचेरीचा माणूस आला, मला वाटलं डबेवाल्यांचा तपासनीस आहे, आणि मीच दिली त्याच्या हातात. शहाणपणा मिरवायला दिली."

मग डीकनबाईनं विचारलं, "म्हणजे आमची पोरंही आहेत त्यात? नंबरांसकट?"

"होती. डब्यांच्या कचेरीला जेवणाऱ्यांचा आकडा लागतो, तो कळवला. नंबरांची पानं सकाळी फाडली. पण त्यानं काय काय बघून घेतलं ते मला ठाऊक नाही."

"वा गं कॅप्टन!" कुणीतरी म्हणालं. "हात दाखवून अवलक्षण."

"म्हणा काय म्हणायचं ते. पण तो दुसरा कागद बंद आहे. त्याची शपथ मी मोडली नाही. मला दार उघडू नका, मी दुसऱ्या कुणाला पाठवते. पण मोजून घ्या."

समोरच्या घराचा पडदा हलला. तिनं तिकडे बघितलं नाही, बघवलंच नाही.

दुसरं कुणी यायला नव्हतंच, माणसं अपुरी होती. मंगळवारी तीच गेली. दारं उघडली. कुणी आत बोलावलं नाही, कुणी पाणी विचारलं नाही, पण उत्तरं मिळाली. चार. सहा. सात. डीकनबाईनं दोन्ही भावांची नावं जन्मतारखांसकट सांगितली आणि म्हणाली, "कॅप्टनकीचं मात्र पुन्हा बघावं लागेल आम्हाला." विलडीन म्हणाली, "बघा." बुधवारी दुपारपर्यंत तीस घरं झाली. तीस घरांत एकशे सव्वीस माणसं निघाली.

एकतिसावं घर २४१८. सकाळीच एक जुनी गाडी तिथून गेली होती, टपावर गाद्या बांधलेली. शरीस पोरांना घेऊन नदीपलीकडे कॅम्डनला नणंदेकडे गेली, हे विलडीनला पोस्टमननं सांगितलं होतं. ते गाव दुसऱ्या राज्यात येतं.

तिनं बेल वाजवली. लुव्हीनिया दारात आली. नीट कपडे केलेली, केस बांधलेले. घरातून एकही आवाज येत नव्हता.

"एक एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती?" विलडीननं कागदावर नजर ठेवून विचारलं.

"कोण विचारतंय?"

"म्हणजे?"

"सरकार विचारतंय की तू विचारतेयस?"

विलडीननं पिशवी खांद्यावर सारखी केली. "सरकार," ती म्हणाली.

"मग लिही. पाच." लुव्हीनियानं एकेक नाव सांगितलं, सावकाश, हिला लिहायला वेळ देत. शरीस. कसीम. नायला. इमानी. जन्मतारखाही सांगितल्या. त्या विलडीनला पाठ होत्या, प्रत्येक वाढदिवसाचा केक तिनंच केला होता, पण सांगितल्याशिवाय ती लिहीत नव्हती. एका ठिकाणी तिचं पेन थांबलं तर लुव्हीनियानं तारीख पुन्हा सांगितली.

"सगळी मोजलीस ना? एकही सोडू नको. तुझी रेघ हलू दे, नाहीतर राहू दे, मला काही नाही त्याचं. पण माझी पोरं इथं होती, हे कुठंतरी लिहिलेलं राहू दे."

"लिहिलं, लुव्ही."

"झालं का सरकारचं?"

"झालं."

"आता तू विचार."

विलडीननं मान वर केली. लुव्हीनिया दाराला हात लावून वाट बघत उभी होती, आणि तिचं हलायचं लक्षण नव्हतं.

"किती जण आहेत घरात, लुव्ही?" विलडीननं शेवटी विचारलं.

"मी एकटीच," लुव्हीनिया म्हणाली आणि दार लावून घेतलं.