सोड म्हटल्याशिवाय

शाळेच्या दारावर, सज्ज्याच्या वरच्या भिंतीवर मला एकच शब्द रंगवायचा होता, तोही लॅटिन. शब्द शाळेच्या अध्यक्षांनी निवडलेला. अध्यक्ष म्हणजे पूर्वीचे रंगकामाचे ठेकेदार. माझ्या दादाची शिडी सोडून गेले होते ते हेच.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. वर गेलेला माणूस "सोड" म्हणेपर्यंत खालच्यानं शिडीवरचा हात काढायचा नाही. दादाची शिडी नेहमी मी धरायचे. त्या दिवशी मी तापानं पडून होते, म्हणून ठेकेदार उभे राहिले आणि मध्येच कुणाशी तरी गप्पा मारायला निघून गेले. दादा खाली आला तो कंबर मोडूनच. चौकशीत ठेकेदार म्हणाले, "त्यानंच सोड म्हटलं. प्यायलेला होता." दादानं दारूला कधी बोट लावलं नव्हतं. पण तेव्हापासून लोक त्याला झिंग्या म्हणायला लागले, आणि त्याला दादा म्हणणारी मी एकटीच उरले.

"अक्षर चुकू नका हं, मावशी," लॅटिनच्या बाई खालून म्हणाल्या.

"आधी अर्थ सांगा. अर्थ कळला की हात चुकत नाही."

"कॉन्स्केंडो. मी चढतो. घोड्यावर चढायला हाच शब्द, डोंगर चढायला हाच. जहाजात चढायलाही हाच, आणि तिथं जहाजाचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही. नुसतं 'चढले' म्हटलं तरी लोक समजायचे."

"शिडीवर?"

"शिडीवर, तटावर, कुठंही. जुन्या काव्यात चितेवर चढतात तेही ह्याच शब्दानं."

"वा! वर जायची सगळी सोय आहे. आणि खाली यायचं झालं तर?"

"त्याला शब्द वेगळा. तो अध्यक्षांनी मागितला नाही."

"ते कशाला मागतील?" मी म्हटलं आणि ब्रश बुडवला.

कार्यक्रमात शब्दावरचा पडदा अध्यक्षांनी खालून दोरीनं ओढायचा बेत होता. कार्यक्रमाच्या दिवशी मी अध्यक्षांपाशी गेले. "साहेब, शब्द चढण्याचा आणि तुम्ही खाली उभे? लोक हसतील."

ते फुगले. "अगं, मी शिडीवरूनच मोठा झालोय! लाव."

मी लावली आणि धरली. सज्ज्यावर दोन्ही पाय टेकल्यावर जुन्या सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "सोड."

मी सोडली. मग उचलली आणि पुढच्या रांगेत, मी आणून बसवलेल्या दादाच्या खुर्चीपुढे आडवी ठेवली.

त्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या. अध्यक्ष हसत वळले.

"शिडी कुठाय?"

"तुम्ही सोड म्हणालात, सगळ्यांनी ऐकलं. आता एवढंच सांगा, दादा म्हणाला होता का?"

"हा काय तमाशा आहे? शिपाई, आण ती शिडी!"

शिपाई पुढे झाला. दादानं आपली काठी शिडीवर ठेवली. "थांब बाबा. मी इतकी वर्षं थांबलोय."

सज्जा हातभर रुंद. ऊन तोंडावर. अध्यक्ष भिंतीला पाठ घासत उभे होते. मला ते बघायला फार बरं वाटलं.

"नव्हता म्हणाला," ते पुटपुटले.

"मोठ्यानं. मागच्या रांगेला ऐकू येत नाही."

"नव्हता म्हणाला! मीच सोडून गेलो होतो. आणि तो प्यायलेलाही नव्हता! झालं समाधान?"

दादानं शिडीवरची काठी उचलली.

"लाव गं शिडी," दादा म्हणाला.

मी लावली आणि पदराला हात पुसत बाजूला झाले.

"अगं, धर की!"

"माझं काम रंगवायचं होतं. ते झालं."

शिपायानं शिक्षकांकडे पाहिलं, शिक्षकांनी बाईंकडे. बाई वरचा शब्द वाचत राहिल्या. कुणीच पुढे होईना. मी दादाला हात देऊन उठवलं आणि आम्ही फाटकाकडे निघालो.

"अरे, धरा रे कुणीतरी!" मागून ऐकू येत होतं.

"मागं बघू नकोस," दादा म्हणाला.

"मी कुठं बघतेय? तूच बघतोयस."

तो हसला, पण मागं वळलेली मान काही सरळ केली नाही.