रेणूच्या हाडावरून

केशोरीत २०१६ च्या हिवाळ्यात वालाच्या शेंगा तोडताना शिडी घसरली आणि यशोदाबाई दोन्ही तळव्यांवर पडली. प्लास्टर निघालं तेव्हा दोन्ही मनगटांची हाडं वाकडी जुळलेली होती. तळवे जमिनीकडेच वळलेले राहिले. ओंजळ होईना, घास तोंडापर्यंत जाईना. नवरा मनिराम दोन्ही वेळा तिला भरवी आणि मग स्वतः जेवायला बसे.

"गाईले चारा टाकून राहिले का? लहान घास करा," ती म्हणे.

"गाय बोलत तरी नाई," मनिराम म्हणे, पण पुढचा घास लहान करी.

पुढच्या पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या तोंडावर ते गोंदियाला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून घेतला आणि मनगटाचं हाड कम्प्युटरच्या पडद्यावर फिरवून दाखवलं. हाड पुन्हा कापून सरळ करायचं होतं. कुठे कापायचं, किती वळवायचं, हे आधी पडद्यावर ठरणार होतं. एरवी दुसऱ्या, चांगल्या हाताची आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा नमुना म्हणून वापरता येते. इथे चांगला हातच नव्हता.

मनिरामने सौंदडला यशोदाबाईच्या धाकट्या बहिणीला, रेणूला फोन लावला. रेणू थोरलीला बाई म्हणे; दोघींना एकाच मापाच्या बांगड्या लागत. "डॉक्टरले बाईसारख्या हाताचं रक्ताचं माणूस पायजे. तू ये."

रक्ताच्या माणसाला दवाखान्यात बोलावून काय घेतात, हे रेणूला शेजारच्या घरातल्या किडनीच्या ऑपरेशनवरून माहीत होतं. तिने आपल्या वाट्याची रोवणी जावेवर सोपवली, पिशवीत दोन लुगडी भरली आणि नवऱ्याला फक्त "बाईकडे जाऊन राहिली" एवढं सांगून उपाशीपोटी निघाली.

यशोदाबाई बाहेर बाकावर बसली होती. आत मनिराम आणि रेणू.

"डावा चालंल का?" रेणूने डॉक्टरांना विचारलं. "रोवणीले उजवा लागते."

"उजवाच हवा. त्यांचा उजवा आधी करायचा आहे."

रेणूने उजव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या. "मंग उजवाच घ्या. पण बाईले सांगू नका. सांगतलं तर ऑपरेशनच करू देणार नाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, आम्ही काय घेणार असं वाटतंय तुम्हाला?"

"हाड."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "हाताचा आतला फोटो घेणार, बस. तुमचं हाड बघून त्यांचं कसं असायला हवं ते कळेल."

रेणू मनिरामकडे वळली. "भाऊजी, फोनवर सांगता नाई येत? सकाळपासून उपाशी हाव मी."

स्कॅन लवकर आटोपला. बाहेर आल्यावर मनिरामने सगळं सांगून टाकलं. यशोदाबाईने बहिणीकडे बघितलंही नाही.

"येडी होय का तू? लेकराबाळाची बाई."

"तू नसतं देलं?"

"किती लागते ते विचारलं असतं आधी."

रेणूला हसू आलं. यशोदाबाईचे डोळे भरले, आणि ते पुसायलाही तिला मनिरामचाच रुमाल लागला.

डॉक्टरांनी दोघींची हाडं पडद्यावर एकावर एक ठेवली, एक पिवळं, एक निळं. कोपराकडे ती जुळत होती, मनगटाजवळ फाकत होती. मनगटाचा तुकडा वळवत त्यांनी रंग जुळवले. हाडावर बसवून नेमकं कुठे कापायचं ते दाखवणारा प्लास्टिकचा साचा त्यावरून नागपुरात तयार झाला. मग उजव्या हाताचं ऑपरेशन झालं.

व्यायाम सुरू होऊन बरेच दिवस गेल्यावर, रोवणी कधीच संपलेली असताना, रेणू केशोरीला आली. यशोदाबाईपुढे भाताचं ताट होतं. तिने तळवा वर करायला घेतला. तो हळूहळू वळला, पूर्ण नाही, पण वळला. पहिला घास वाटेतच सांडला. मनिरामचा हात सवयीने पुढे आला, तो रेणूने धरला.

"राहू द्या, भाऊजी."

दुसरा घास तोंडात गेला. यशोदाबाईने तो बराच वेळ चावला.

"हात जपून वापरजो बाई," रेणू म्हणाली. "माझ्यावरून काढला हाय."

"तुझ्यावरून काढला म्हणूनच सांडते."

मनिराम आत गेला, स्वतःचं ताट वाढून घेऊन आला आणि तिच्या शेजारी बसून जेवू लागला.