उभ्या आप्पाची कात

कडकन आवाज झाला आणि करीगुड्डाच्या डोंगरावर जमलेल्या गर्दीनं एकदम हात जोडले. उभ्या आप्पाच्या गुडघ्याची खपली सुटून खाली पडली होती आणि आतून नवाकोरा, चकचकीत दगड उघडा पडला होता.

"टाकली! आप्पानं कात टाकली!" शिलानंद महाराज ओरडले. "तुमच्या पापांची काजळी वाहून आप्पा थकला होता. आता नवा होणार! बोला, म्हातारा देव पाहिजे का तरणा?"

"तरणा!" गर्दी म्हणाली. देवाला कुणी विचारलं नाही.

उभा आप्पा म्हणजे ग्रॅनाईटच्या कड्यातच कोरलेली उंच मूर्ती. कुणाची, हे कुणालाच ठाऊक नसल्यानं निपाणीकडचे जैन तिला आपली म्हणत, खालच्या वाडीतले मराठे आपली म्हणत, आणि भांडण नको म्हणून दोघंही आप्पा म्हणत. शेकडो पावसाळे अंगावर घेऊनही त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जेमतेम बोथट झालं होतं. महाराज आल्यापासून मात्र दर अमावास्येला अग्निस्नान सुरू झालं. घरटी तंबाखूच्या धाटांचा भारा आणायचा, मूर्तीला टेकवून पेटवायचा, दगड तापून उठला की विहिरीचं गार पाणी भसाभस ओतायचं. मग आप्पा हुंकारे आणि कात पडे. खपल्या कुणी तिजोरीत ठेवी, कुणी कुटून चहातून घेई. निपाणीतल्या दातांच्या डॉक्टरांना ते दिवस बरे गेले.

महाराजांच्या उजव्या हाताला, व्यासपीठावर, हायस्कूलात विज्ञान शिकवणारे आण्णाप्पा सर बसत. महाराज त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत, "सायन्सवाले सर बसलेत! खोटं असतं तर उठून गेले नसते?" सर मान हलवीत. ती होकाराची की नकाराची, हे त्यांनी स्वतःलाही कधी कळू दिलं नव्हतं.

खरं तर पहिल्याच आवाजाला त्यांना सगळं कळलं होतं. दगड तापला की फुगतो. वरचा थर एकाएकी गार झाला की तो आकसतो, आतला मात्र आकसत नाही. त्या ओढाताणीत वरचा तडकून सुटतो. हे शिकवून त्यांचा घसा बसला होता. पण देवस्थानाच्या कमिटीनं खुर्ची दिली होती, आणि खुर्चीला गादी होती.

"पाय झाले, गुडघे झाले," महाराज गरजले, "पुढच्या अमावास्येला मुख! माचाण बांधा, जाळ वर चढवा!"

घरी बायको मंगल भाकरी थापत होती. "आता तोंड जाणार आप्पाचं. तुम्ही काय करणार?"

"लोकांची श्रद्धा असते गं…"

"लोकं तुमच्याकडं बघून हात जोडत्यात. माझी आक्का म्हणाली, तुझा मालक बसलाय म्हंजे खरंच असणार. लई लाज वाटली बघा."

तव्यावर भाकरीचा पापुद्रा टम्म फुगून सुटला. सरांना तिकडंही बघवेना.

अमावास्येला सकाळीच माचाण तयार होतं. वर धाटं रचली गेली. सर उठले, बसले, पुन्हा उठले.

"बाबगोंडा," त्यांनी कमिटीच्या अध्यक्षाला हाक मारली, "तुझ्या विहिरीत कातळ लागलता, तेव्हा काय केलतास?"

"काय करणार सर? सुरुंगाला परवानगी मिळंना. आज्जा करायचा तसं केलं. धाटं पेटवली, दगड तापवला, पाणी मारलं."

"मग?"

"मग काय, टिचला की फाडफाड…" बाबगोंडाचं तोंड उघडंच राहिलं.

रानातला दगड असाच फोडला नाही, असं घर तिथं नव्हतं.

"तो रानातला दगड!" महाराज कडाडले. "त्यात चैतन्य कुठलं?"

वाटेकडेला 'पार्किंग' असं रंगवलेला धोंडा होता. सरांनी त्यावर भारा पेटवला, पाणी ओतलं. धोंडा हुबेहूब आप्पासारखा हुंकारला. त्याच्या खपल्या आप्पाच्या गेल्या खेपेच्या खपल्यांत मिसळून सरांनी परात पुढं केली. "महाराज, चैतन्याच्या तेवढ्या निवडा."

महाराजांनी डोळे मिटले, हात फिरवला, एक खपली उचलून कपाळाला लावली. "हीच! हाच माझा आप्पा!"

खपलीच्या पाठीवर पिवळ्या रंगात 'पा' होता.

कुणी हसलं नाही. महाराज ध्यानाला म्हणून मागं गेले ते गाडीतच बसले. त्यांना अडवायचंही कुणाला सुचलं नाही. सगळे आप्पाच्या पायांकडं बघत होते.

"सर, तुम्हाला हे कधी कळलं?" बाबगोंडानं विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का न्हाय?"

"मोठेपणा मिळत होता."

पुढं दगडी शिल्पांच्या जतनाचं काम करणारी सौम्या नावाची मुलगी धारवाडहून आली. तिनं गुडघ्यांवरून हात फिरवला. "तोंड वाचलं. पायांच्या भेगांत आता पाणी शिरणार. वेग कमी करता येईल, थांबवता येणार नाही. सिमेंट नको, रंग नको, तेल नको."

"आन् गेलेलं भरून येईल?" बाबगोंडानं हळूच विचारलं.

"अण्णा, दगडाला खपली धरत नाही."

आता सुट्टीच्या दिवशी सर डोंगरावर उभे असतात. येणाऱ्याला पाय दाखवतात आणि सांगतात, "महाराज परगावचा, तो गेला. मी इथलाच. तो पहिल्यांदा 'सर बसलेत' म्हणाला तेव्हाच उठलो असतो, तर आप्पाला गुडघे असते. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी विचारा, हे आपण आणखी कुठं बघितलंय का? आणि उत्तर सापडलं तर गिळू नका. तिथंच, चारचौघांत, मोठ्यानं सांगा."